रिकाम्या पोटाचा एक तास

६ जानेवारी, सोमवार

ताई,

पाकिटावरचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर बघून हे कुणाचं ते तुला कळलंच असेल. आता फाडायच्या बेतात असशील, म्हणून आधीच सांगतो, आईबद्दल आहे. फाड बघू आता.

फोन तू माझा उचलत नाहीस. सतरा वेळा करून बघितला. पत्राचं बरं असतं, मधेच कापता येत नाही.

रविवारी आई तुला फोनवर "मी मजेत आहे गं, जरा सर्दी झालीय" म्हणते ना, ते साफ खोटं आहे. सर्दीबिर्दी काही नाही. दोन महिने झाले, तिचा आवाजच तसा घोगरा येतो. स्वेटर घालून उन्हात बसते आणि वर मला म्हणते, दार लाव. तोंड सुजलंय. हातात कप असताना डोळा लागतो. पडद्यांच्या कारखान्यात तिने परवा एक पडदा दोन्ही टोकांना शिवून टाकला. दांडा घालायला भोकच नाही! बाकीच्या बायका हसल्या, ही पण हसली, पण हिचं हसू पोचायला वेळ लागला.

थायरॉइडची गोळी चालू आहे हे तुला माहीत आहे. पन्नासची पंचाहत्तर झाली, मग सव्वाशे, आता दीडशे. रक्ताचा रिपोर्ट मात्र जागचा हलत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी पोटात जातेय ना नक्की?" झालं! आई, मावशी आणि खुद्द डॉक्टरबाई, तिघींनी माझ्याकडे बघितलं.

मावशीने तर तिथेच विचारलं, "काय रे, बदलल्यास का गोळ्या?"

मान्य आहे, माझी कीर्ती तशी आहे. तू ज्या औषधाच्या दुकानात काउंटरला होतीस तिथे मी पोटदुखीच्या बाटलीत पेपरमिंट भरून ठेवल्या होत्या, त्यात तुझी नोकरी गेली, तू गाव सोडलंस आणि दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. पण या वेळी मी काही केलेलं नाही गं. आईची गोळी मीच देतो, रोज सकाळी सहाला उठून. हो, मी. सहाला. विश्वास बसत नसेल तर मावशीला विचार, ती अजून चिमटे काढून बघते स्वतःला.

एकच सांगतो आणि थांबतो. मंगळवारी मी आईच्या चपलांना खालून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. पूर्वी असतं तर तिने तीच चप्पल फेकून मारली असती, पट्टीसकट. या वेळी तिने पाय ओढून बघितला, मग चप्पल तिथेच सोडली आणि अनवाणी निघून गेली. "माकडा" पण म्हणाली नाही. मी दारात उभा राहून वाट बघत होतो, की आता येईल, आता काहीतरी बोलेल.

तू गोळ्यांच्या कारखान्यात आहेस. तुला यातलं कळतं. लिही.

– तोच, ज्याचं नाव काढत नाहीस


१५ जानेवारी, बुधवार

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. चोर सापडलाय, म्हणून पुन्हा लिहितोय.

गोळी बदलली! मी नाही बदलली, दुकानदाराने बदलली. ऑगस्टपर्यंत एका कंपनीची यायची, मग तो म्हणाला, "तेच औषध आहे, कंपनी वेगळी." गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरात असतं ते भिंग घेऊन वाचलं. आईला औषध लागतं एवढुसं, मोहरीच्या दाण्याला चिरून चिरून शंभर तुकडे केले तर त्यातले थोडेसे. मग गोळी एवढी जाड कशी? बाकीचं सगळं भरताड. दुधातली साखर, स्टार्च, चिकटायला काहीतरी, यंत्राला चिकटू नये म्हणून आणखी काहीतरी. हे तुमचं काम ना?

आता मी सध्या रंगाच्या दुकानात आहे, शेड मिक्स करतो (टिकलोय, पाच महिने झाले, हसू नकोस). तिथे मला पहिल्या दिवशी मालकांनी शिकवलं की डब्यात रंग चमचाभर असतो, बाकी पांढरी पूड, पाणी, डिंकासारखं काहीबाही. आणि गिऱ्हाईक भांडायला येतं ते रंगावरून कधीच नाही. पूड हलकी असली की पोपडे निघतात, तेव्हा येतं. म्हणजे गोळीचं पण तसंच असणार. औषध खरं, पूड टुकार, आणि गोळी पोटात विरघळतच नसेल, तशीच्या तशी दुसऱ्या दाराने बाहेर!

मी मावशीला हे समजावलं. ती म्हणाली, "तू मोठा शास्त्रज्ञ." पण आता ती रोज सकाळी टॉर्च घेऊन येते आणि आईला जीभ वर करायला लावते, गोळी गिळली का बघायला. आई आपली आ करून बसते. शाळेतल्या पोरीसारखी.

तुझं काम काय असतं गं नक्की? आई सांगते की तू काचेच्या भांड्यात कोमट पाणी घेतेस, त्यात गोळी सोडतेस आणि ती किती मिनिटांत विरघळते ते घड्याळ लावून बघतेस. त्याचा पगार मिळतो? मी आयुष्यभर हेच करत आलोय, फुकटात.

या कंपनीची गोळी सोबत पाठवतोय, कागदात गुंडाळून. सोड पाण्यात.


२९ जानेवारी, बुधवार

ताई,

आईला कारखान्यातून घरी पाठवलं. काढलं नाही, "बरं वाटलं की या" म्हणाले. पण तिच्या यंत्रावर दुसरी बाई बसली. मी डबा परत आणायला गेलो होतो, डोळ्यांनी बघितलं. त्या बाईने आईची उशी पण घेतली, पाठीमागची. मार्चअखेरपर्यंत आई परत बसली नाही, तर यंत्र तिचं कायमचं.

आई म्हणते, "जाऊ दे रे." ताई, आई "जाऊ दे" म्हणणारी बाई आहे का?

दुपारी दुकानातून येतो तर ती खिडकीशी बसलेली असते. सकाळी जिथे सोडली तिथेच. मी वेडेवाकडे चाळे करतो, दुकानातल्या मालकांची नक्कल करतो, ती माझ्याकडे बघते आणि मग हळूच म्हणते, "जेवलास?" दर वेळी तेच. जेवून दहा मिनिटं झाली असली तरी.

तू काहीतरी लिही. शिव्या लिही. चालतील.


८ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

तुझं कार्ड आलं! पोस्टमनच्या हातून हिसकावून घेतलं. दोन वर्षांनी तू मला लिहिलंस आणि लिहिलंस काय? "गोळी चांगली आहे, अठरा मिनिटांत विरघळली. तू ती कशाबरोबर देतोस? खरं लिही." बास. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही.

पाण्याबरोबर देतो. आणखी कशाबरोबर देणार?

बरं, उगाच माहितीसाठी विचारतो. समज, एखाद्या माणसाच्या आईला रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं. आणि समज, तो माणूस तिला पेलाभर गरम दूध देतो, गोळीसोबत. दूध म्हणजे काही खाणं नाही ना? पातळच असतं. आणि समज, हाडांच्या डॉक्टरांनी तिला कॅल्शियमची गोळी दिलीय, तीही तो त्याच घोटात देऊन टाकतो, म्हणजे एका फटक्यात दोन्ही कामं. अशा माणसाचं काही चुकतं का?

माझ्या ओळखीचा आहे एक. त्याच्यासाठी विचारतोय.


२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चार पानं! मला वाटलं होतं तुझ्याकडे माझ्यासाठी दोनच ओळी शिल्लक आहेत.

हो, तो माणूस मीच. तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार.

समजलं सगळं. गोळी विरघळते ती पोटात, पण रक्तात शिरते ती आतड्याच्या भिंतीतून. आणि दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला वाटेतच मिठी मारून बसतं. मग ती जोडी भिंतीतून आत जात नाही, तशीच पुढे निघून जाते. आणि मी वरून कॅल्शियमची अख्खी गोळी! म्हणजे आठ महिने मी रोज सहाला उठून, गॅस पेटवून, साय बाजूला करून आईचं औषध मारत होतो. मालकांना मी उगाच विचारलं, "चांगला रंग ओल्या भिंतीवर मारला तर?" ते म्हणाले, "मग भिंतीला काही लागत नाही बाळा, सगळा फरशीवर."

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रिकाम्या पोटी. मी ऐकलं होतं. पण डॉक्टर सगळंच सांगतात, तिखट खाऊ नका, काळजी करू नका. मला वाटलं तसंच काहीतरी. आणि ताई, मला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी सोपवलं होतं. मला ते चांगलं करायचं होतं, नुसतं पाण्याने नाही.

आता दूध बंद. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. गोळी साध्या पाण्याने, नंतर एक तास काही नाही. आईला सांगितलं, "दूध महाग झालं." ती म्हणाली, "बरं."

पत्राच्या शेवटी तू आणखीही काही लिहिलंयस, ते सवडीने बघतो. आईला आणि मावशीला यातलं काही बोलू नकोस. तुझ्या पाया पडतो, आणि तुला माहीत आहे मी कुणाच्या पाया पडत नाही, समोरच्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायच्या असतील तरच.


१४ मार्च, शुक्रवार

ताई!

आईने मला मारलं! झाडूने! मी तिच्या चष्म्याच्या काचेला आतून साबण लावला होता. ती खोलीभर माझ्यामागे धावली आणि म्हणाली, "कारट्या, जन्मलास तेव्हाच तुला परत करायला हवा होता, पावती होती माझ्याकडे!" ताई, मी पलंगाखाली लपून हसत होतो की रडत होतो मला सांगता येत नाही.

ती एक तारखेला कारखान्यात परत गेली. उशी परत मिळवली. त्या दुसऱ्या बाईला म्हणाली, "टेकून टेकून चपटी केलीत हो." एका दिवसात दोन दिवसांचे पडदे शिवते. घरी येऊन कपाटं आवरते. मावशी म्हणते, अंगात वारं शिरलंय.

झोप मात्र कमी झालीय तिची. घाम येतो, पंखा चार वर. सुईत दोरा ओवताना हात हलतो, मी ओवून देतो. वजन उतरलं म्हणून खूश आहे, जुना ब्लाउज होतो म्हणते. काल जिना चढून आली आणि माझा हात छातीवर ठेवून म्हणाली, "बघ रे, आत कुणीतरी पळतंय."

बरं वाटायला लागलं की असं होत असेल ना? इतके महिने झोपलेलं शरीर, एकदम जागं झालं की जरा दंगा करणारच.

मावशीने टॉर्च आणणं बंद केलं. चौकात सगळ्यांना सांगते, "पोराने केलं बाई आईचं." मी दुकानात जाताना ताठ चालतो आता.


२४ मार्च, सोमवार, दुपारचे चार

ताई,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर आणखी वाईट आलंय, कारण कागद मांडीवर ठेवलाय.

सकाळी आई यंत्रावरून खाली घसरली. शुद्ध गेली नाही, पण छाती इतकी धडधडत होती की मोजताना सिस्टरने दोनदा घड्याळ बघितलं. एकशे अठ्ठेचाळीस. आता झोपवलंय, तारा लावल्यात.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "हल्ली काही बदललं का? खाण्यापिण्यात, औषधांत?"

मी म्हणालो, "नाही."

मग त्या दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "दीडशेवर त्या सप्टेंबरपासून आहेत, तेव्हा कधी त्रास नव्हता. गोळीमुळे असतं तर आधीच झालं असतं. रक्त पाठवलंय, रिपोर्ट उद्या दुपारी. तोवर हृदयाचंच बघू." आणि कागदावर लिहिलंय, मी वाचलं, गोळी नेहमीप्रमाणे, सकाळी सहा.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी बघितली होती. त्याच दिवशी. पाठ आहे. "दूध थांबवण्याआधी डॉक्टरांना सांग, कारण दीडशेचा डोस दुधाला धरून वाढवलाय. दूध गेलं की तो जास्त होईल." मी कागद तिथून दुमडला आणि पुढे वाचलंच नाही असं स्वतःला सांगितलं. कारण डॉक्टरांना सांगायचं म्हणजे कुणी काय केलं तेही सांगायचं. आई सगळ्यांना म्हणायची, "माझं सगळं पोरगाच बघतो." हे मला मोडायचं नव्हतं. चिकटपट्टी, साबण, पेपरमिंट, सगळं मी केलं ते मजेसाठी. हे एकच मी मनापासून केलं होतं, आणि नेमकं त्यानेच ती आधी मरगळली आणि मग पळत सुटली.

मघाशी तुझा फोन आला. माझ्या फोनवर. मावशीने कळवलं असणार. तू फक्त "सांगितलंस का?" म्हणालीस. मी गप्प. तू ठेवलास.

तेव्हाही मी असाच गप्प होतो, ताई. तुझ्या दुकानाचा मालक ओरडत होता, तू म्हणालीस "चूक माझी", आणि मी पेपरमिंटची रिकामी पुडी खिशात चुरगाळत काउंटरच्या मागे उभा होतो. मला वाटलं, तू बोललीस ना, मिटलं. दोन वर्षं मी ते मिटलंय असंच धरून चाललोय.

पावणेपाचला राउंड आहे. समोरच्या खोलीत डॉक्टरबाई पंख्याखाली चहा पितायत. दार उघडं आहे. मी तीनदा उठलो, तीनदा पाण्याच्या नळापर्यंत जाऊन आलो. आता पोटात पाणीच पाणी आहे.

जातो.


२६ मार्च, बुधवार

ताई,

सांगितलं.

आत गेलो आणि म्हणालो, "मॅडम, मी मघाशी खोटं बोललो." त्यांनी कप खाली ठेवला. मग मी दूध, कॅल्शियम, आठ महिने, वीस फेब्रुवारी, सगळं एका दमात ओकलो. मधे मधे "रागावू नका" असं बारा वेळा म्हणालो असेन.

त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी आधी फाइल मागवली, सहाची गोळी लाल पेनाने खोडली आणि मग विचारलं, "दूध किती? पेला केवढा?"

मी हाताने दाखवला.

"रोज? एकही दिवस चुकवला नाहीस?"

"नाही. बेभरवशाचा माणूस आहे मी, पण यात खाडा नाही."

"हेच ना," त्या म्हणाल्या. "एखादा दिवस चुकवला असतास तरी मला काही अंदाज आला असता. तू इतक्या नेमाने चुकलास की मला तो तिचा आजारच वाटला. आणि मीसुद्धा फक्त 'घेता ना?' एवढंच विचारत राहिले. 'कशाबरोबर?' हे मी विचारायला हवं होतं."

काल दुपारी रिपोर्ट आला. औषध जास्तच झालं होतं. थोडे दिवस गोळी बंद, मग पंचाहत्तरपासून, साध्या पाण्याने, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. आणि कंपनी बदलायची नाही, बदललीच तर त्यांना आधी कळवायचं, कारण भरताडाचाही थोडा फरक पडतो म्हणाल्या. म्हणजे मी अगदीच गाढव नव्हतो, पाव हिस्सा शहाणा होतो.

आईला मीच सांगायचं, अशी त्यांची अट होती. सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "ताईला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." आणि भिंतीकडे वळली.


१३ एप्रिल, रविवार

ताई,

आई घरी आहे, नाडी ब्याऐंशीवर. हात थांबले. यंत्रावर उद्यापासून अर्धा दिवस. उशी तिने आधीच पाठवून दिलीय, जागा धरायला.

गोळी परवापासून पुन्हा चालू झाली, पण आता ती माझ्याकडे नाही. डबी तिने स्वतःच्या उशाशी ठेवली. ती परत मागायला मला तोंड कुठे आहे? तरी सवयीने सहाला जाग येते. काल उठून नुसताच स्वयंपाकघरात उभा होतो, काय करायचं ते न सुचून. तेवढ्यात ती आली. गोळी पाण्याबरोबर गिळली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सात वाजेपर्यंत चहा नाही. बस."

बसलो. ताई, रिकाम्या पोटाचा तास फार मोठा असतो. अर्धा तास मी घड्याळाचा काटा बघत काढला. मग मला राहवेना. म्हणालो, "आई, शिव्या दे ना काहीतरी."

"देईन," ती म्हणाली. "आधी मला सांग, तू ते दूध का द्यायचास?"

"तुला मळमळायचं म्हणून."

"पहिल्यांदा मळमळलं ते पित्ताने रे. नंतरची रोजची मळमळ गोळीने नव्हती होत."

"मग कशाने?"

"दुधाने व्हायची," ती म्हणाली. "मला लहानपणापासून नुसतं दूध सोसत नाही. वासानेच पोटात ढवळतं."

"मग प्यायचीस का? आठ महिने?"

ती पदराने पेल्याचं बूड पुसत बसली, कोरडंच होतं ते. "तू सहाला उठायचास. साय काढून ठेवायचास. दारात उभा राहून बघायचास, मी संपवते का ते. एवढी वर्षं तुझ्या हातून कुणी काही घेतलं की त्यातून झुरळ निघायचं. म्हटलं, आता पोरगं काहीतरी नीट करतंय, त्याला नाही कसं म्हणू?"

सात वाजायला वीस मिनिटं होती. मी उठून चहाचं आधण ठेवायला गेलो, तर तिने हात धरून बसवलं.

"घाई करू नकोस," म्हणाली. "वेळ होऊ दे."